पार्श्वसंगीत म्हणजे साउंडट्रॅक नव्हे

प्रश्न इंदूरहून आला आहे: लघुपटाच्या श्रेयनामावलीत 'साउंडट्रॅक'साठी 'पार्श्वसंगीत' लिहिलं तर चालेल का, आणि हिंदीसारखं तोडून लिहायचं का?

सोपं आधी. मराठीत सामासिक शब्द जोडून लिहितात, म्हणून 'पार्श्वसंगीत' सलग. इंदुरात पाट्यांपासून पोस्टरांपर्यंत सगळं हिंदी, त्यामुळे 'पार्श्व संगीत' हाताला वळण लागल्यासारखं उतरतं. खरं जपायचं ते रफाराला. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना 'पाश्र्व' होतं आणि पुढे तेच सगळीकडे चिकटवलं जातं. रफार 'श्व'वर हवा.

आता अर्थ. साउंडट्रॅकमध्ये संवाद, ध्वनिपरिणाम आणि संगीत असं तिन्ही येतं. बाजारात गाण्यांच्या अल्बमलाही तेच नाव, गोंधळ तिथून होतो. पार्श्वसंगीत हा त्यातल्या संगीताचा एक भाग. ओळखायची खूण एकच: दृश्यातल्या पात्राला ते ऐकू येतं का?

समजा, राजवाड्याजवळच्या घरात मुलगी पत्र वाचते आहे, मजकूर वाईट, आणि खालून वरात चालली आहे. बँड तिलाही ऐकू येतो, म्हणजे ते दृश्यातलंच संगीत. तिने खिडकी लावली की नुसता आवाज कमी करून भागत नाही. वरच्या पट्टीतली धार कापावी लागते, कारण बंद खिडकीतून ढोलाचा घुमारा येतो, क्लॅरिनेट बुजते. हे राहून गेलं आणि बँड तसाच खणखणीत वाजत राहिला, तर प्रेक्षक त्याला पार्श्वसंगीत समजतो. मग जगाला तिच्या दुःखाचं सोयरसुतक नाही असं वाटण्याऐवजी दिग्दर्शकच तिची थट्टा करतोय असं वाटतं.

याच दृश्यात सारंगी लागली, तर ती फक्त प्रेक्षकासाठी. हे खरं पार्श्वसंगीत. पत्र उघडण्याआधी सुरू झाली तर बातमी फुटते. वाचून झाल्यावर दोनेक सेकंदांनी आली तर आधी चेहरा दिसतो, मग सूर. मला हेच बरं वाटतं. लयीचा हिशेबही असतो. सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम) धरल्या तर मिनिटाला 60 मात्रांच्या लयीत एका मात्रेला 24 चौकटी येतात, 72 मात्रांना 20. 70 घेतल्या तर भागाकार पूर्ण जात नाही आणि कट हळूहळू मात्रेवरून सरकतात. अर्थात प्रत्येक कट मात्रेवर पाडला तर दृश्याचं गाणं होतं. आणि सारंगीचा पल्ला माणसाच्या गळ्याजवळचा, त्यामुळे संवादाखाली ती शब्द खाते. तिथे सूर खर्जात न्यावा किंवा दोन वाक्यांमधल्या जागेत बसवावा.

'पार्श्वगायन' मात्र या खुणेत बसत नाही. गाणं पात्र स्वतःच गातं, मग ते पार्श्व कसं? कारण इथे 'पार्श्व' गाण्याला नाही, गायकाला लागू आहे, तो पडद्यामागे. कामाचा क्रमही उलटा: पार्श्वगायन सहसा चित्रीकरणाआधी ध्वनिमुद्रित होतं, पार्श्वसंगीत संकलन पक्कं झाल्यावर. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतही गाण्यांचं संगीत आणि पार्श्वसंगीत वेगळे धरतात.

तेव्हा श्रेयनामावलीत 'ध्वनिआरेखन' (म्हणजे साउंड डिझाइन), 'पार्श्वसंगीत' आणि गाणं असेल तर 'पार्श्वगायन' अशा स्वतंत्र ओळी द्या. 'साउंडट्रॅक'ची ओळ नकोच. वरातीचा बँड खरोखर वाजवून घेतला असेल, तर त्या वादकांची नावं 'पार्श्वसंगीत'खाली घालू नका; 'बँडवादन' अशी वेगळी ओळ करा.