सेमिनरी निवडण्यापूर्वी

बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक (धर्मगुरू) घडवणाऱ्या धर्मशास्त्र विद्यालयात, प्रवेश घेण्यापूर्वी, पाळकीय दीक्षेसाठी आपली मंडळी (चर्च) कोणती पदवी ग्राह्य धरते, हे आपल्या पाळकांना अवश्य विचारावे. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी 1818 मध्ये बंगालमधील तेव्हाच्या डॅनिश वसाहतीत स्थापन केलेल्या सेरामपूर कॉलेजला 1827 च्या डॅनिश सनदेने पदव्या देण्याचा अधिकार मिळाला, आणि त्याच्या सिनेटशी (पदव्या देणाऱ्या मंडळाशी) संलग्न सेमिनरींतून आजही बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, ही धर्मशास्त्राची पदवी) करता येते. (1805 मध्ये मराठीचे व्याकरण छापणारे कॅरी हेच, म्हणून मला त्या परंपरेविषयी विशेष जिव्हाळा वाटतो.) नोकरीमुळे दूरशिक्षणच शक्य असेल, तर प्रत्यक्ष संपर्कवर्ग असलेलाच अभ्यासक्रम घ्यावा. बायबलच्या नव्या कराराची मूळ भाषा असलेल्या ग्रीकच्या क्रियापदांचे तक्ते मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावून पाठ केले, परंतु माझे प्रवचन सुधारले ते समोर बसलेल्या शिक्षकांनी मध्येच थांबवून, “हा अर्थ या वचनात कुठे आहे?” असे विचारल्यावरच.