नव्या बॉण्डवरचं चौथं कलम

सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखानदाराचं पत्र आहे. नाव देत नाही. पत्ता बदलला तर जुळे सोलापूर, बार्शी, पंढरपूर, कुठलंही पत्र असंच असतं. ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांनी एका ‘शेअर ट्रेडिंग’वाल्याकडे 8 लाख ठेवले: 5 लाख आरटीजीएसने, 3 लाख रोख. 500 च्या बॉण्डवर नोटरीसमोर करार झाला. 11 महिन्यांनी रक्कम परत आणि तोवर दरमहा 5 टक्के परतावा. सोबत 25 सप्टेंबर 2025 या तारखेचा 8 लाखांचा चेक. सात महिने 40 हजार येत राहिले, जूनपासून बंद. आता त्याचा एजंट म्हणतो, दिवाळीला जमलं नाही, पण गड्ड्यानंतर, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेनंतर, नक्की. फक्त नवा करार करू, जुना बॉण्ड आणि चेक परत द्या. ‘सही करू का?’

नाही.

तुम्ही नव्या कराराचा फोटो पाठवलात हे बरं केलंत. पहिली तीन कलमं शोभेची आहेत. चौथं वाचा. तुम्ही ही रक्कम ‘भागीदार या नात्याने भांडवल म्हणून’ दिली, नफा-तोटा दोन्हीत तुमचा वाटा, आणि ‘पूर्वीचा करार व धनादेश रद्द समजावा’. ज्याने हे लिहिलं त्याला कायदा नीट कळतो. तुम्ही फक्त ‘गड्ड्यानंतर’ एवढंच वाचलंत.

ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी आपल्या राज्यात 1999 चा एमपीआयडी कायदा आहे. त्यात ‘ठेव’ या शब्दाची व्याख्या फार ऐसपैस आहे. मुदतीनंतर किंवा एरवीही परत करण्याच्या बोलीवर घेतलेला पैसा, व्याज असो वा नसो, ठेवच. घेणारा कंपनी असायची गरज नाही; एकटा माणूसही चालतो. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ही व्याख्या रुंदच वाचली. पण त्याच व्याख्येत काही अपवाद आहेत, आणि त्यातला एक म्हणजे भागीदारांनी भागीदारी संस्थेत घातलेलं भांडवल. केंद्राच्या 2019 च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यातही हाच अपवाद आहे. तुमचा जुना बॉण्ड ‘ठेव’ या शब्दात चपखल बसतो. नवा मुद्दाम त्या अपवादात नेऊन बसवलाय.

दुसरा घाव करार कायद्याच्या कलम 62 चा. जुन्याच्या जागी नवा करार दोघांनी मान्य केला, की जुना पाळायची गरज उरत नाही. मग चेकमागचं देणंच राहत नाही, आणि देणं नसेल तर चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं कलम 138 कशावर उभं करणार? कोर्ट नाव पाहत नाही, व्यवहार पाहतं, हे खरं. तुम्ही सही केली म्हणून सगळं संपेल असंही मी म्हणणार नाही. पण समोरच्या वकिलाच्या हातात अटकपूर्व जामिनाच्या दिवशीच एक आयता कागद येईल, आणि ‘हा तर भागीदारांतला वाद’ हे खोडून काढण्यात तुमची किती वर्षं जातील याचा हिशेब मला देता येत नाही.

आता चेक. तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत गेला पाहिजे. म्हणजे 25 डिसेंबरच्या आत, आणि त्या दिवशी नाताळची सुट्टी. गड्डा भरतो जानेवारीत, संक्रांतीला. एजंटला मुदत द्यायला तोच मुहूर्त का सापडला, हे लक्षात आलं का? चेक आजच भरा. वटला तर उत्तमच, पण मला आशा नाही. चेक न वटल्याचा बँकेचा मेमो हातात पडल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, नोटीस त्याला मिळाल्यापासून 15 दिवसांची वाट, त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार. हे दिवस बोटांवर मोजा. खटला सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न व्हावा असं कायद्यातच लिहिलंय; ते वाचून आम्ही वकील नुसते हसतो. मात्र खटला चालू असताना रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मागता येते, ती मागाच. मिळालेले 2 लाख 80 हजार मुद्दलातच धरा, असं तो म्हणेल. बॉण्डमध्ये परतावा वेगळा आणि मुद्दल वेगळी लिहिली आहे, म्हणून तुमची बाजू बरी दिसते; खात्री देत नाही.

‘चेक भरला तर साहेब आत जातील आणि कोणालाच काही मिळणार नाही,’ ही एजंटची धमकी. याच्या बरोबर उलट आहे. एमपीआयडीखाली मालमत्ता जप्त होते ती बहुतेक वेळा तक्रारीनंतरच. दुसऱ्याच्या नावावर केलेला फ्लॅटसुद्धा, तो ठेवींच्या पैशातून घेतलाय असं दिसलं, तर त्यात येऊ शकतो. पण तो आधीच तिसऱ्याला विकून गेला, तर मागे धावणं अवघड. जप्तीनंतर सक्षम प्राधिकारी, म्हणजे मालमत्ता ताब्यात घेणारा सरकारी अधिकारी, मग विशेष न्यायालय, मग लिलाव, मग वाटप. त्यात किती वर्षं जातात ते विचारू नका. म्हणूनच रांगेत आज उभं राहायचं. आयुक्तालयाच्या आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज द्या. करार 1 जुलै 2024 नंतरचा आहे, त्यामुळे फसवणुकीचं कलम नव्या भारतीय न्याय संहितेचं लागेल, जुनं 420 नव्हे.

एजंट म्हणतो, ‘नवा करार नसेल तर दावा मुदतबाह्य होईल.’ होणार नाही. रक्कम सप्टेंबर 2025 मध्ये देणं झाली. दिवाणी दाव्याला तिथून तीन वर्षं आहेत.

आता जे तुम्ही शेवटच्या ओळीत घाईने लिहिलंत ते. एप्रिलमध्ये मेहुण्यांचे 3 लाख तुम्ही आणून दिलेत आणि 2 टक्के, म्हणजे 6 हजार, कमिशन घेतलंत. मे महिन्यात तुमच्या खात्यात आलेले 40 हजार कुठून आले असतील, याचा विचार केलात? शेअर बाजारातून नव्हे. 1920 मध्ये बोस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झीने 45 दिवसांत 50 टक्के देतो म्हणून हेच केलं, कारण फक्त टपाल कुपनांचं सांगितलं. तुमच्या या माणसाने वर्षाला 60 टक्के सांगितलं, आणि चार मागांवर टॉवेल विणून वर्षाला किती सुटतं हे ज्याला पैशापर्यंत माहीत आहे त्याने ते मान्य केलं! त्याच्या ऑफिसात भिंतीवर शॉप ॲक्ट, उद्यम (लघुउद्योग नोंदणी) आणि जीएसटीचे दाखले फ्रेम करून लावलेत, असं तुम्ही लिहिता. यांपैकी एकही कागद लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी देत नाही. शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीकडे नोंदलेला माणूस ठरावीक परतावा कबूलच करू शकत नाही. एखादी संस्था कोणत्या नियामकाकडे नोंदलेली आहे ते रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. 8 लाख द्यायच्या आधी ती पाच मिनिटं काढली असती, तर हे पत्रच आलं नसतं.

कमिशनचं मात्र हलक्यात घेऊ नका. 2019 च्या कायद्यात दुसऱ्याला अशा योजनेत ओढणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. तुम्ही स्वतः बुडालेले आहात, एकाच नातेवाइकाला आणलंत, त्यामुळे तपास अधिकारी तुमच्याकडे साक्षीदार म्हणून पाहतील अशी शक्यता आहे. पण हे त्यांच्यावर अवलंबून आहे. जबाब देण्याआधी फौजदारी काम करणाऱ्या स्थानिक वकिलाला भेटा, 6 हजार लपवू नका, व्हॉट्सॲप पुसू नका. मेहुण्यांना सोबत न्या. त्यांच्या तक्रारीत तुमचं नाव आधी आलं तर समजावणं कठीण जाईल. रोख दिलेल्या 3 लाखांची चिंता थोडी कमी करा, कारण जुन्या बॉण्डवर 8 लाख पोहोचल्याचं लिहिलेलं आहे. म्हणून तो बॉण्ड हातचा सोडू नका; पोलिसांनाही आधी छायाप्रतच द्या, मूळ मागितला तर पंचनामा करून, पोच घेऊनच.

रविवारी एजंट घरी येणार म्हणता. येऊ द्या, चहा द्या, वाद घालू नका. ‘वकिलाला दाखवतो’ म्हणून नव्या कराराची कोरी प्रत ठेवून घ्या. चेक रद्द करायची भाषा त्याने स्वतःच लिहून आणली आहे; तक्रारअर्जाला ती प्रत जोडा.