‘मिस डूलिटल’ म्हणजे इंग्रजीतलं ‘अहो’

प्रश्न : बीएला आम्हाला बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’ आहे. ‘भाषा आणि सामाजिक वर्ग’ यावर मी लिहिलं की फुलं विकणारी एलायझा अशुद्ध बोलायची, प्रोफेसर हिगिन्सने तिला सहा महिन्यांत शुद्ध बोलायला शिकवलं आणि ती वरच्या वर्गात गेली. सरांनी बाजूला ‘वरवरचं’ एवढंच लिहून १६ पैकी ६ दिले. पात्रांची भाषा बघायची म्हणजे नक्की काय बघायचं?
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : अगं, सर बरोबर आहेत. (‘अगं’ म्हटलं, चालेल ना? त्याच्यावर येतेच.) तू लिहिलीस ती नुसती गोष्ट झाली.

तिसरा अंक काढ. हिगिन्सच्या आईकडे पाहुणे जमलेत, एलायझा पहिल्यांदाच असल्या लोकांत आलीय, उच्चार एकदम घोटीव, हवामानावर तर पाठ केल्यासारखं बोलते, आणि मग इन्फ्लुएंझाचा विषय निघतो आणि बाईसाहेब सुरू होतात, की माझी मावशी त्यानेच गेली म्हणतात पण मला वाटतं म्हातारीला खलास केलं, तिची नवी स्ट्रॉ हॅट मला मिळायची होती ती कुठं गेली, ज्याने ढापली त्यानेच तिला उडवलं! उच्चार बंगल्यातले, विषय आणि व्याकरण गल्लीतलं. म्हणजे हिगिन्सने तोंड कसं उघडायचं ते शिकवलं, चारचौघांत काय बोलायचं नसतं ते राहूनच गेलं.

पण खरी गंमत पाहुण्यांतल्या क्लारा या तरुणीची. जाताना एलायझा ‘ब्लडी’ म्हणते (तेव्हाची शिवीच ती, १९१४ला लंडनमध्ये हा शब्द स्टेजवर आला म्हणून केवढा गाजावाजा झाला होता), तर क्लाराला वाटतं ही नवीन फॅशन, आणि निघताना तीही तोच शब्द ठोकून देते. शब्द तोच, एकीच्या तोंडी गावंढळ आणि दुसरीच्या तोंडी मॉडर्न. आणि या क्लाराच्या घरी पैशाची बोंब आहे बरं का, तिची आई तिथंच कबूल करते. स्वतः हिगिन्स तर सारखा शिव्या देतो, ब्रेकफास्टला ड्रेसिंग गाऊनलाच हात पुसतो, त्यावरून घर सांभाळणाऱ्या मिसेस पिअर्सची बोलणी खातो. त्याला ‘अशुद्ध’ कोण म्हणतंय?

एलायझाच्या बापाला तर तू सोडूनच दिलंस. कचरा उचलणारा डूलिटल पोरीच्या बदल्यात पाच पौंड मागायला येतो, हिगिन्स दहा द्यायला निघाला तर नको म्हणतो, दहा आले की माणूस जपून वागायला लागतो आणि मजा संपते. शेवटी मृत्युपत्रातून त्याला वर्षाला तीन हजार पौंड मिळतात आणि हा गडी जंटलमन होतो, तेही बोली तशीच ठेवून. वर रडतो की आता मला चांगलं इंग्रजी सोडून तुमची मिडल क्लासची भाषा शिकावी लागणार! तुझ्या उत्तरात भाषेने वर्ग बदलला होता ना, इथं बघ काय झालंय.

आता ‘अहो’. पाचव्या अंकात एलायझा हिगिन्सचा मित्र कर्नल पिकरिंग याला सांगते की माझं खरं शिक्षण तुम्ही पहिल्या दिवशी मला ‘मिस डूलिटल’ म्हणालात तिथं सुरू झालं. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’, त्यामुळे कोण कुणाला काय हाक मारतो यावर सगळा भार. आपल्याकडे हे काम तू-तुम्हीच करून टाकतात, भाजीवालीला आपण आपसूक ‘ए’ म्हणतो आणि डॉक्टरीणबाईंना ‘अहो’, विचार करावाच लागत नाही. पुलंनी १९७५ला याच नाटकावरून ‘ती फुलराणी’ केलं, त्यात भक्ती बर्वे मंजुळा (म्हणजे आपली एलायझा) होत्या, रेकॉर्डिंग मिळालं तर बघ आणि कोण कुणाला काय म्हणतंय तेवढंच एक वहीत उतरव. मग परत शॉकडे ये, हिगिन्स ‘एलायझा’ कधी म्हणतो, पिकरिंग काय म्हणतो, सगळं दिसायला लागेल.

आणि हो, पहिल्या अंकात शॉ एलायझाची बोली जशी ऐकू येते तशी लिहायला जातो आणि लगेच कंसात माफी मागून नाद सोडतो, उच्चार टिपणाऱ्या खास लिपीशिवाय हे लिहिलं तर लंडनबाहेर कुणाला कळणार नाही म्हणून. ती ओळ उत्तरात नक्की टाक.