लेटर घ्यायच्या आधी आकडा विचारा

ताई, बढतीच्या लेटरवर अजून सही केली नसेल तर करू नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला मशीन शॉपमध्ये स्टोअर बघता, पर्चेसचा माणूस आठ महिन्यांपूर्वी सोडून गेला, तेव्हापासून पर्चेस आणि डिस्पॅचची बिलं तुमच्याच गळ्यात आहेत, पगार 19,800. आणि आता साहेब म्हणतात, "तुला पर्चेस इन-चार्ज करतो, लेटर देतो, पगाराचं एप्रिलमध्ये बघू." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि चहा तसाच राहिला. शब्दन्‌शब्द हेच मला 2018 च्या दसऱ्याला ऐकवलं होतं.

मी तेव्हा शिरोलीत एका फाउंड्रीत इन्स्पेक्शनला होतो. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. त्याच वर्षी ई-वे बिल (गाडीतल्या मालासोबत लागणारं जीएसटीचं ऑनलाईन बिल, त्याला मुदत असते) सुरू झालं आणि जुलैमध्ये आमचा डिस्पॅचवाला गेला. मला कॉम्प्युटर येतो हा माझा गुन्हा. दिवसभर कास्टिंगचे ब्लो होल (ओतकामात हवेने पडलेली भोकं) बघायचे आणि संध्याकाळी गाड्यांची बिलं काढायची. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, पेढे वाटले आणि साहेबांनी सगळ्यांसमोर पाकीट दिलं. आत लेटर: असिस्टंट मॅनेजर, क्वालिटी व डिस्पॅच. खाली एक ओळ, "उर्वरित सेवाशर्ती पूर्ववत." मी तिथेच सही केली आणि घरी जाताना आणखी पाव किलो पेढे घेतले.

पुढच्या महिन्याच्या पगाराच्या स्लिपवर ओटीच्या, म्हणजे ओव्हरटाईमच्या, रकान्यात नुसती आडवी रेघ. माझा पगार 17,800 होता आणि महिन्याला 25-एक तास ओव्हरटाईम व्हायचा, दुप्पट दराने सव्वाचार हजारांच्या आसपास. तो गेला आणि त्याच्या बदल्यात कन्व्हेयन्स म्हणून 500 आले. म्हणजे बढती झाली आणि पगार पावणेचार हजारांनी कमी झाला!

पगारपत्रकाच्या ऑफिसात गेलो तर तिथले म्हणाले, "तुम्ही आता स्टाफमध्ये आलासा. स्टाफला ओटी नसते." म्हटलं, लेटरमध्ये तर सगळं पूर्ववत लिहिलंय. "ते साहेबांना विचारा." साहेब म्हणाले, "ते पगारपत्रकवाले बघतात." असे दोन महिने मी एका दारातून दुसऱ्या दारात. आठवलं की अजून डोकं तापतं. ज्या माणसाचं काम माझा पगार काढणं, त्याला माझा पगार का कमी झाला हे सांगता येत नव्हतं, आणि त्याबद्दल त्याला काही वाटतही नव्हतं.

(मी वकील नाही. ओव्हरटाईम मिळतो की नाही हे नुसत्या पदाच्या नावावर ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतात, हे मला फार उशिरा कळलं. तुमच्या बाबतीत काय लागू होईल ते कामगारांच्या केसेस चालवणाऱ्या वकिलाला विचारा, माझ्या भरवशावर भांडू नका.)

दुसरी चूक वेळेची. ऑगस्ट 2019 चा पूर आठवत असेल. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, आमच्या तीन गाड्या कराडच्या अलीकडे अडकलेल्या आणि ई-वे बिलांची मुदत संपत चाललेली. मुदत वाढवायला संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ, एवढीच खिडकी. आमच्या भागात लाईट नव्हती. पाहुण्यांच्या घरी इन्व्हर्टरवर लॅपटॉप लावून, रात्री दोनचा गजर लावून मी बिलं वाढवली. एकही गाडी दंडात गेली नाही. साहेबांनी पाठ थोपटली. मला वाटलं, आता विचारायला हरकत नाही. सप्टेंबरमध्ये विचारलं. उत्तर आलं, "पुरानं कंबरडं मोडलंय, वर गाड्यांची मंदी, आणि तू घरचाच माणूस, तूच असं म्हटल्यावर कसं?" खोटं काहीच नव्हतं त्यात. मंदी खरीच होती, पाळ्या कमी झाल्या होत्या. विचारायचं होतं ते 2018 च्या दसऱ्याला, पाकीट हातात असताना. तेव्हा त्यांना माझी सही हवी होती. सही दिल्यावर माझ्याकडे मागायला काय उरलं?

जानेवारी 2020 ला सोडलं. नव्या ठिकाणी मागच्या तीन महिन्यांच्या स्लिपा मागितल्या, त्या तर ओटीविनाच्या, आणि त्यावरच नवा पगार ठरला. सोळा महिन्यांचे 60,000 गेले ते गेलेच, वर पुढचा आकडाही खाली आला.

तर माझं मत, पटलं तर घ्या. साहेबांना म्हणा, लेटर आनंदाने घेते, फक्त त्यात नवा पगार आणि तो कुठल्या तारखेपासून हे लिहून द्या. "एप्रिलमध्ये बघू" म्हणाले तर "मग लेटरही एप्रिलमध्येच द्या" असं हसत म्हणा. उद्धट वाटत असेल तर थोडं गोड करून म्हणा, पण म्हणा.

जाताना एक कागद न्या. आठ महिन्यांपूर्वी काय करत होता आणि आज काय करता, एवढंच. पण कामांची नावं लिहून भागत नाही, त्यात रुपये दिसले पाहिजेत. उदाहरणार्थ, पाच लाखांचा माल ई-वे बिलाशिवाय किंवा मुदत संपलेल्या बिलावर पकडला, तर 18 टक्क्यांनी कर 90,000 आणि दंड त्याच्या दुप्पट, 1,80,000 पर्यंत जाऊ शकतो. हे आठ महिने झालं नाही, ते कुणामुळे? गेलेल्या माणसाचा पगार किती होता हे तुम्हाला माहीत असणारच, पण तो आकडा तुम्ही उच्चारू नका. साहेबांच्या तो डोक्यात असतोच. घरचे हप्ते, मुलांची फी हे तर अजिबात काढू नका. तिथे गेलात की ते उचल देतात, पगारवाढ नाही. आणि महिनाअखेरीच्या डिस्पॅचच्या घाईत कुणीही कुणाचं ऐकत नाही, दहा तारखेनंतर जा.

तुमच्या आकड्यामुळे एक वेगळी गोष्ट सांगावीशी वाटते. 19,800 म्हणजे तुम्ही ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यात) असाल. मर्यादा 21,000 ची आहे. पगार त्यावर गेला की चालू सहामाही (सप्टेंबर किंवा मार्चअखेर) संपेपर्यंत कपात होते, मग नाव निघतं. आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर हजार-दीड हजाराच्या वाढीसाठी ते दवाखान्याचं छत्र घालवणं मला तरी परवडणारं वाटत नाही. एकतर चार-पाच हजार मागा, नाहीतर सोबत मेडिक्लेम मागा. वाढ बेसिकमध्ये की अलाउन्समध्ये, हेही विचारा. बेसिकमध्ये धरली तर हातात थोडी कमी पडते, पण ग्रॅच्युइटी त्याच्यावर निघते.

साहेब चांगले आहेत, दुखवायचं नाही, असं तुम्ही दोनदा लिहिलंय. माझेही चांगलेच होते की. माझ्या लग्नाला आले होते.

लेटर हातात पडलंच तर "घरी दाखवते" म्हणून घेऊन या आणि त्याचा मजकूर नावं झाकून इथे टाका. सोमवारी मला सुट्टी असते, निवांत वाचून सांगतो.