‘मास्तरीणच व्हायचं होतं तर…’

प्रश्न: माझी मुलगी २९ वर्षांची आहे. दहावीला ९४ टक्के, एम.एस्सी. रसायनशास्त्र, नेट-जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप), मागच्या वर्षी पीएच.डी. पूर्ण. परदेशात पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची, संधी होती, ती नाकारली. आता म्हणते, बी.एड. करून नववी-दहावीला शिकवणार. मास्तरीणच व्हायचं होतं तर बारावीनंतर डी.एड. केलं असतं, इतकी वर्षं कशाला घालवली? आमच्या भागातल्या एका संस्थेच्या सीनियर कॉलेजात जागा निघणार आहे. सध्या विनाअनुदानित आहे, पण अनुदान येणारच असं सांगतात. त्या जागेसाठी संस्थेला पैसे द्यायला रस्त्यालगतचे पंधरा गुंठे विकायची माझी तयारी आहे. महिनाअखेरीस टोकन द्यायचंय. तिची समजूत कशी घालावी? (शिकवायचं वेड तिला आधीपासूनच. पीएच.डी. चालू असताना दर रविवारी एका वसतिगृहातल्या मुलींना शिकवायला जायची, त्यापायी थिसीस सहा महिने लांबला.)
— एक पालक, सातारा जिल्हा

उत्तर: तुमचं पत्र चार पानी आहे, वर छापलंय ते त्याचं सार. चार पानांत तिचे सगळे टक्के आहेत, संस्थेच्या अध्यक्षांशी झालेलं बोलणं आहे, भावकीत कोण काय म्हणालं तेही आहे. मुलीचं म्हणणं मात्र एका ओळीत उरकलंय. तिला शाळाच का हवी, याबद्दल अवाक्षर नाही. तुम्ही विचारलंत का तिला?

पण आधी गुंठ्यांचं बोलू, कारण तुम्ही तारीख ठरवून बसला आहात.

‘सगळेच देतात’ असं तुम्ही लिहिलंय. ते गैर आहे हे मी सांगायची गरज नाही. नुसता व्यवहार बघू. विनाअनुदानित जागा आणि ‘अनुदान येणारच’. हेच ऐकून शाळांत आणि ज्युनिअर कॉलेजांत चिकटलेली माणसं आझाद मैदानावर बसलेली तुम्ही टीव्हीवर पाहिली असतील. अनुदानाचा वीस-वीस टक्क्यांचा एकेक टप्पा पदरात पाडून घेता घेता त्यांचे केस पांढरे झाले. शिवाय या पैशाची पावती कुणी देत नाही. उद्या जागा निघालीच नाही, तर दाद कुठे मागणार?

बरं, जागा निघाली, अनुदानही आलं असं धरू. तरी त्या नोकरीवर पंधरा गुंठे बसलेले असतील. तिथलं वातावरण पटलं नाही, अध्यक्षांच्या वाढदिवसाला विद्यार्थी घेऊन उभं राहायला सांगितलं, तरी तिला राजीनामा देता यायचा नाही. तुम्ही तोंडाने कदाचित काही बोलणार नाही. पण आपल्या जमिनीवर दुसऱ्या कुणाचं हॉटेल उभं राहिलेलं ती येता-जाता बघेल, आणि घरी येऊन गप्प बसेल. असे प्राध्यापक मी पाहिले आहेत. चाळिशीतच निवृत्तीला किती वर्षं राहिली ते मोजत असतात. प्राध्यापकाच्या पगाराचं ५७,७०० बेसिक तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय आणि दुसऱ्यांदा खाली रेघ मारली आहे, म्हणून हे इतकं लांबवलं.

आता ते डी.एड.चं वाक्य. डिग्री जितकी मोठी तितका वर्ग वरचा, हा हिशेब आपल्या हाडीमाशी खिळलाय. त्याचा सरळ अर्थ असा होतो, की लहान मुलांपुढे विषय अर्धवट कळलेलं माणूस उभं केलं तरी चालतं. मध्यंतरी एका शाळेत विज्ञानाच्या तासाला मी मागच्या बाकावर बसले होते. बाईंनी विचारलं, पाणी उकळताना बुडबुडे येतात, ते कशाचे? दोघे-तिघे ‘हवेचे’ म्हणाले. खिडकीजवळचा एक मुलगा म्हणाला, ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे. पाणी फुटतं ना!’ बाई म्हणाल्या, ‘चूक. वाफेचे. लिहून घ्या.’ मुलगा खाली बसला आणि लिहून घेतलं. उत्तर त्याचं चूकच होतं, पण पाणी कशाचं बनलंय हे आठवून त्यानं ते स्वतः जुळवलं होतं. त्याला तिथंच धरून विचारायला हवं होतं, की अरे, हायड्रोजन सुटत असता तर चहाचं आधण ठेवल्यावर काय झालं असतं? गॅस तर खाली पेटलेला असतो. त्याचं त्यालाच हसू आलं असतं, आणि उकळणं वेगळं, रेणू फुटणं वेगळं, हे जन्मभर लक्षात राहिलं असतं. असा प्रश्न ऐन वेळी सुचायला विषय खोलवर मुरलेला लागतो. तुमच्या मुलीची ती वर्षं इथं उपयोगी पडणार आहेत. सीनियर कॉलेजात ती पडणार नाहीत असं नाही, पण तिथं येईपर्यंत तो मुलगा बहुधा सायन्स सोडून गेलेला असतो.

आणि ही वाट काही तिनं नव्यानं काढलेली नाही. अनिल सद्गोपाल अमेरिकेतल्या कॅल्टेकमधून पीएच.डी. करून आले, मुंबईच्या टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेत होते. ती नोकरी सोडून ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेले आणि १९७२ साली तिथल्या १६ शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. टीआयएफआर आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ त्यात सहावी ते आठवीच्या मुलांचे प्रयोग बसवत होते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात पूर्वी काड्यापेट्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबमधून मुलांना विज्ञान दाखवणारे अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. तेही टेल्कोत असताना रजा काढून होशंगाबादला जाऊन राहिले होते. आपली मुलगी पायरी उतरतेय असं तुम्हाला वाटतं, म्हणून ही नावं सांगितली. भावकीत सांगायलाही उपयोगी पडतील.

मार्ग सरळ आहे. बी.एड.ची सीईटी, दोन वर्षांचं बी.एड., मग शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी (टेट) आणि भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल. सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटी ही वेगळी पात्रता परीक्षाही. अभियोग्यता चाचणी २०१७, २०२३ आणि २०२५ अशी अंतराअंतरानं झाली आहे, तेव्हा वाट बघायची तयारी हवी. अकरावी-बारावीचा पर्याय एम.एस्सी., बी.एड.वर खुला राहतोच. शिकवण्याचाच अभ्यास करावासा वाटला, तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तिनं एकदा जाऊन बघावं.

यापुढचं मात्र तिला वाचायला द्या.

बाळ, फेलोशिपचे शेवटी शेवटी महिना ४२,००० मिळत असतील. माध्यमिकला शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षं १८,००० मिळतात, आणि तेही २०२३ मध्ये वाढवले म्हणून. त्याआधी ८,००० होते. हे आकडे कागदावर मांडून बघ, त्यात घरभाडं लिही, आणि त्या तीन वर्षांत बाबांकडे पैसे मागायची वेळ येणार का, तेही लिही. निवडणुकीची ड्यूटी येईल, जनगणना येईल, यू-डायसची (सरकारला द्यायची शाळेची) माहिती भरायला रात्री अकराला सर्व्हर मोकळा मिळेल. दहावीच्या वर्गात तुझा तो बुडबुड्यांचा प्रश्न रंगात आलेला असताना कुणीतरी विचारेल, ‘बाई, हे परीक्षेला येतं का?’ स्टाफरूममध्ये ‘डॉक्टर’ म्हणून चिडवतील, आणि वर्ग कसा हाताळायचा हे डी.एड. केलेल्या एखाद्या बाईंकडूनच तुला शिकावं लागेल. पीएच.डी.त ते कुणी शिकवत नाही. बी.एड.ला प्रवेश घेण्याआधी एखाद्या शाळेत रजेवरच्या बाईंच्या जागी सहा महिने रोज सहा तास उभी राहून बघ. रविवारचा वर्ग वेगळा. तिथं मुली हौसेनं येतात.

आता पुन्हा तुमच्याकडे वळते. रविवारचं तुम्ही कंसात टाकलंत, आणि अख्ख्या पत्रात मला तेवढंच महत्त्वाचं वाटलं. दिवसभर प्रयोगशाळेत राबणारी मुलगी हक्काच्या सुट्टीला, पैसा न घेता, शिकवायला जाते. तुम्हाला त्यात वाया गेलेले सहा महिने दिसले. मुलगी कशात रमते हे शोधायला लोक माझ्याकडे कलचाचणीचे कागद घेऊन येतात. तुमच्या घरात ते दर आठवड्याला डोळ्यांसमोर घडत होतं.

तेव्हा तिची समजूत कशी घालायची, हे मी सांगणार नाही. ती अजून त्या वसतिगृहात जात असेल तर येत्या रविवारी तिला तुम्हीच गाडीवरून सोडा, आणि परत फिरू नका. मागं सतरंजीवर बसा. कॉलेजचं टोकन महिनाअखेरीस आहे, म्हणजे मध्ये एखादा रविवार नक्की मिळेल.