कलर टीव्ही-गेम घेताय? आधी एवढं बघा

पहिला सेट ‘कलर टीव्ही-गेम १५’च घ्या. निन्टेन्डोची टीव्हीला जोडून खेळायच्या गेम-सेटची ही मालिका १९७७ ते १९८० दरम्यान फक्त जपानात निघाली. याच मालिकेतल्या ‘कलर टीव्ही-गेम ६’मध्ये बॅट हलवायचे नॉब खोक्यावरच आहेत, ‘१५’चे कंट्रोलर वायरने बाहेर येतात, दोघांना ऐसपैस खेळता येतं. कार्ट्रिज (खेळाची वेगळी डबी) शोधू नका, खेळ आतल्या चिपमध्येच असतात.

नवीन माणूस हमखास चुकतो ते इथे:

- जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा. आपल्या २३०च्या सॉकेटला थेट लावलात की जळालाच. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आधी आणा.
- सिग्नल जपानी चॅनल १ किंवा २वर, एनटीएससी या जपानी टीव्ही-पद्धतीत येतो. म्हणजे ९१ किंवा ९७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास, आपल्याकडे जिथे एफएम रेडिओ लागतो तिथे! टीव्हीचा ऑटो-सर्च तो बहुधा गाळतो. हातानेच ट्यून करा.
- विकणाऱ्याकडून बॅटरीच्या कप्प्याचा फोटो मागवा. स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर हलका असेल तर व्हिनेगरच्या बोळ्याने निघतो. पत्रा खाल्ला असेल तर सोडून द्या.

पडद्यावरची बॅट थरथरते, उड्या मारते? सेट बिघडलेला नाही, नॉबखालच्या कार्बन पट्टीवर धूळ बसलीय. सेट बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनरचा (विजेचे जोड साफ करायच्या स्प्रेचा) एक फवारा मारा, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा, पूर्ण वाळू द्या.

कॉम्पोझिट मॉडच्या, म्हणजे सेट उघडून चॅनलऐवजी थेट व्हिडिओ-वायरने चित्र काढायच्या बदलाच्या, नादी इतक्यात लागू नका. आधी चित्र स्थिर येऊ दे.