घरी राहून व्यसन सुटतं का? वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

यावेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती आहेत, भरती न होता, नोकरी-कॉलेज सांभाळून, ओपीडीत जाऊन दारू किंवा गोळ्या सुटतात का. पत्रं छोटी करून देतेय.

प्रश्न : मिस्टर ४६ वर्षांचे, मकरपुऱ्यात कंपनीत शिफ्टची नोकरी. रोज रात्री पितात, आता सकाळीही थोडी लागते नाहीतर हात थरथरतात. सोडायला तयार आहेत पण भरती नको म्हणतात. शिवाय आपल्याकडे गुजरातेत दारूबंदी, दवाखान्यात खरं सांगितलं तर पोलीस येतील का? (डांडिया बाजार)

पोलिसांचं आधी सांगते, कारण बडोद्यात या एका भीतीपायी लोकांनी वर्षंच्या वर्षं घालवलेली मी बघितलीत. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास आजारात धरलेत, आणि पेशंटची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरला बंधनकारक आहे. अपवाद मोजके, कुणाच्या जिवाला धोका असेल, कोर्टाचा आदेश असेल, असे. म्हणून रोज किती पितात, कुठली पितात, देशी असेल तर देशी, जे आहे ते सगळं सांगा. लाजेपायी अर्धंच सांगितलं की औषधाचा डोस चुकतो.

आता हातांच्या थरथरीचं. ही थरथर म्हणजे शरीर दारूवर अवलंबून झालंय, आणि अशा माणसाने "उद्यापासून बंद" म्हणून एकदम सोडणं धोक्याचं असतं. कृपा करून घरच्या घरी असं करू नका. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत घाम, थरथर, घाबरेपणा सुरू होतो, फिट आलीच तर बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येते, आणि काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत, त्यात जीवही जाऊ शकतो. पूर्वी कधी फिट किंवा असा भ्रम झाला असेल, लिव्हर-हृदयाचा आजार असेल किंवा घरी लक्ष ठेवायला कुणी नसेल तर पहिला आठवडा भरतीच व्हावं लागेल, तिथे मी ऐकत नाही.

यातलं काही नसेल तर घरी राहून जमतं. क्लोरडायझेपॉक्साइडसारखी गोळी देतात आणि पाच-सात दिवसांत कमी करत बंद करतात, सोबत थायमिन, म्हणजे बी-१ व्हिटॅमिन. रोज किंवा एक दिवसाआड दाखवायला यायचं, गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवायच्या आणि त्यावर दारू अजिबात नाही. गोळीने झोप येते म्हणून त्या आठवड्यात मशीनवर उभं राहायचं नाही, गाडी चालवायची नाही, सरळ रजा टाका. आठवड्याची रजा टाकल्याने नोकरी जात नाही, पिऊन शिफ्टला गेल्याने जाते.

पण हा आठवडा म्हणजे नुसती सुरुवात हं. दारू शरीरातून निघायला आठवडा पुरतो, संध्याकाळी सात वाजता कंपनीच्या गेटबाहेर पडल्यावर पाय कुठे वळवायचे हे शिकायला महिने लागतात. ओपीडीची खरी ट्रीटमेंट ती आहे. आठवड्याला काउन्सेलिंग, ग्रुप, आणि ओढ कमी करणारं औषध, नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट, लिव्हर-किडनीचे रिपोर्ट बघून ठरवतात. निदान वर्षभर तरी धरून चला. सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत किंवा कारेलीबागच्या सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालयात दाखवता येईल.

प्रश्न : मुलाला न सांगता चहात मिसळायची गोळी मिळते म्हणे. देऊ का? (एक आई, वाडी)

नाही, अजिबात नाही. तुमची तगमग समजते, पण ती गोळी बहुतेक डायसल्फिराम असते. ती दारू पचवण्याची क्रिया अर्ध्यावर अडवते, मग थोडी जरी प्यायली तरी चेहरा लाल, उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली, कधी जिवावर बेततं. ज्याला गोळीचं माहीतच नाही तो पिणारच ना! त्याला समजावून, त्याच्या मर्जीने, तपासण्या करून दिली तर काहींना चांगला उपयोग होतो, रोज सकाळी आईच्या हातून घ्यायची असं ठरवलं तर आणखी चांगला. गोळी बंद केल्यावरही दोन आठवडे दारू चालत नाही, हे त्यालाही माहीत हवं. आणि चहात सापडली त्या दिवशी तुमच्यावरचा विश्वास गेला, तो परत आणायला कुठलंच औषध नाही.

प्रश्न : मी २२ वर्षांचा. पाठदुखीसाठी ट्रामाडॉल सुरू झाली, आता दिवसाला पंधरा-वीस घेतो. डॉक्टर जिभेखाली ठेवायची दुसरी गोळी देऊ म्हणतात. म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं धरायचं का? पकडला जाईन का? (फतेहगंज)

बाळा, आधी हे ऐक, एवढ्या ट्रामाडॉलने फिट येऊ शकते, त्यामुळे या आठवड्यातच दाखव. जिभेखालची गोळी म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन. ती मेंदूतल्या त्याच जागांवर बसते पण नशेची लाट न आणता, म्हणून ट्रामाडॉल सोडल्यावर होणारी अंगदुखी, जुलाब, तळमळ थांबते आणि तू कॉलेजला जाऊ शकतोस. व्यसनात दिवसभर गोळी कुठून आणायची एवढंच डोक्यात असतं, इथे मोजून घेतलेलं औषध आहे आणि बाकीचा दिवस तुझा आहे. याला दुसरं व्यसन म्हणणारे तुला नातेवाइकांत खूप भेटतील. ऐकून घे आणि गोळी चालू ठेव. घाईने बंद करणारे बरेचजण परत वळतात, आणि मधल्या काळात शरीराची सहन करायची ताकद कमी झालेली असते, मग जुनाच डोस घेतला की श्वास बंद पडतो. हे विसरू नको.

ट्रामाडॉल २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, पण त्याच कायद्याच्या कलम ६४ए मध्ये, थोड्या प्रमाणात जवळ बाळगल्याची किंवा घेतल्याची केस असलेला माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी ट्रीटमेंट घेऊन पूर्ण करत असेल तर खटल्यापासून सूट आहे. अर्धवट सोडली तर ती सूट काढून घेता येते.

प्रश्न : चार महिने थेंब घेतला नव्हता. चुलतभावाच्या लग्नाआधी सगळे दमणला गेले, तिथे प्यायलो. आता ओपीडीत तोंड दाखवायची लाज वाटते. (रावपुरा)

याच आठवड्यात जा. चार महिने कुठेही गेलेले नाहीत, त्या चार महिन्यांत जे शिकलात ते एका रात्रीत पुसलं जात नाही. घसरणं वेगळं आणि परत त्यात राहायला जाणं वेगळं, आणि या दोन्हींच्या मधे लाजच बसलेली असते, "आता बिघडलंच आहे तर" असं म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटली उघडली जाते. काउन्सेलरसमोर बसून ती ट्रिप तासातासाने उलगडा. गाडीत कोण होतं, जेवला होतात का, झोप झाली होती का, पहिला "घे रे एकच" कुणी म्हटलं आणि त्या क्षणी मनात काय आलं. ओढ लाटेसारखी येते, बहुतेक वेळा पंधरा ते तीस मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ कुणाला फोन लावायचा ते आधीच ठरलेलं पाहिजे. आणि लग्नाला जा, दमणला नको. (श्रावण पाळतो म्हणजे मला व्यसन नाही असं म्हणणारेही मला खूप भेटतात, महिनाभर थांबता येणं आणि भाद्रपदात परत सुरू न करणं यात फार फरक आहे.)

प्रश्न : नवरा यायलाच तयार नाही. मी एकटी येऊन काय उपयोग? (मांडवी)

खूप उपयोग आहे, ताई. घरच्यांनी काय बोलायचं, कधी बोलायचं, प्यायलेला असताना वाद न घालता सकाळी शुद्धीत असताना कसं बोलायचं, त्याची उधारी फेडणं आणि ऑफिसला खोटे फोन करणं कसं थांबवायचं, हे शिकवलं की कित्येकदा माणूस स्वतः यायला तयार होतो. मारहाण होत असेल तर मात्र आधी तुमची आणि मुलांची सोय, मग त्याची ट्रीटमेंट. दारूवाल्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मीटिंग असतात, तिथे नाव सांगावं लागत नाही. आजच कुणाशी बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मन फारच खचलं असेल तर टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, दोन्ही फुकट.